जुना ब्लॉक घेताय? पिस्टनच्या दुकानात जाण्याआधी बोअर मोजा

चुकतं ते बहुतेकदा एकाच ठिकाणी. ओम्नीचं इंजिन उतरतं, मूळ ब्लॉक कामातून गेलेला निघतो, भंगारातून दुसरा ब्लॉक ठरतो आणि त्याच फेरीत स्पेअरच्या दुकानातून पिस्टन-रिंगांचा सेटही घेतला जातो. मेस्त्री म्हणाला स्टँडर्ड, म्हणजे कंपनीचं मूळ माप, तर स्टँडर्ड. पुढे ब्लॉक बेळगावच्या उद्यमबागेत बोअरिंगला, म्हणजे बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती गोल पोकळी) मशिनवर मोठा करायला, गेला की तिथला माणूस आत गेज घालतो आणि सांगतो, हा पन्नासशिवाय, म्हणजे स्टँडर्डपेक्षा ०.५० मि.मी. मोठा केल्याशिवाय, साफ निघत नाही. तोवर पिस्टनचं पाकीट फोडलेलं असतं आणि दुकानदार ते परत घेत नाही.

काही जण याच्या उलट चुकतात. आधी ब्लॉक पन्नासला बोअर करून घेतात आणि मग पिस्टन शोधत बेळगाव, निपाणी, कोल्हापूर फिरतात. मिळालेला सेट बोअरला मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांनी सैल किंवा घट्ट बसतो, कारण कंपनी बदलली की पिस्टनच्या मापातही थोडा फरक पडतो.

क्रम असा ठेवा: आधी मोजमाप, मग साइज ठरवणं, मग पिस्टन विकत घेणं, आणि पिस्टन हातात आल्यावर त्या पिस्टनच्या मापाला बोअरिंग. यातला एकही टप्पा पुढेमागे करू नका.

उदाहरणासाठी मारुती ८०० आणि ओम्नीमधलं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेतलं आहे. त्याचा स्टँडर्ड बोअर ६८.५ मि.मी. आणि स्ट्रोक ७२ मि.मी. आपल्या भागात हे इंजिन अजून भरपूर चालतं आणि त्याचे जुने ब्लॉकही मिळतात. दुसरं इंजिन असेल तर पद्धत हीच, आकडे मात्र त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या.

आधी एक खुलासा: तुमचा ब्लॉक लायनरचा आहे का?

ट्रॅक्टर आणि शेतीपंपांच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत बोअर थेट ब्लॉकमध्ये नसतो, आत वेगळा लायनर बसवलेला असतो. ब्लॉकच्या वरच्या सपाट तोंडाकडे, म्हणजे डेककडे, नीट पाहा. बोअरभोवती दुसऱ्या धातूचं गोल कडं दिसलं तर तो लायनर. अशा इंजिनाला लायनर आणि पिस्टन एकत्र किट म्हणून येतात, त्यामुळे जुना बोअर मोजून पिस्टनची साइज ठरवायचा प्रश्नच नाही. तिथे पाहायचं ते लायनरची बैठक सपाट आहे का, खालच्या रबरी रिंगांच्या जागी गंजाचे खड्डे पडलेत का आणि लायनर बसल्यावर डेकच्या वर मॅन्युअलमध्ये दिला आहे तेवढाच उठतो का.

मोटरसायकलवाल्यांसाठी एवढंच की स्प्लेंडरसारख्या गाड्यांच्या सिलिंडरला आत लोखंडी स्लीव्ह, म्हणजे बसवलेली नळी, असतो आणि तो रीबोअर होतो. काही नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमच्या भिंतीवर कठीण लेप असतो, तो रीबोअर करता येत नाही. आतल्या भिंतीला लोहचुंबक घट्ट चिकटलं तर लोखंडी स्लीव्ह आहे असं समजा.

टप्पा १: भंगार बाजारात, पैसे देण्याआधी

सोबत चांगल्या उजेडाची बॅटरी, जुना कपडा, थोडं डिझेल, तासणी म्हणून बोथट पट्टी आणि व्हर्निअर एवढं असलं तरी पुरे. बोअर गेज इथे नेऊ नका, ग्रीस-मातीत त्याचं नुकसान होतं.

पहिल्यांदा बोअरचं अगदी वरचं तोंड पाहा. वरची रिंग जिथवर येते त्याच्या वर चार-पाच मिलिमीटरचा पट्टा कधी घासला जात नाही. त्यावर कार्बन साचलेला असतो. तो पट्टीने हळू काढा, कपड्याने पुसा आणि त्या पट्ट्यावर व्हर्निअर लावा. या सगळ्या कामात व्हर्निअरचा खरा उपयोग फक्त इथेच आहे. ब्लॉक आधी कुठल्या साइजला बोअर झालाय ते यावरून कळतं. ६८.५ च्या आसपास आलं तर अजून स्टँडर्ड. ६८.७५ म्हणजे एकदा पंचवीसला झालेला. ६९.० म्हणजे पन्नासला झालेला, आणि त्याच्या पुढची साइज दुकानात मिळेल याची खात्री नाही. असा ब्लॉक घ्यायचा तर स्लीव्ह घालायचा खर्च किमतीत धरूनच बोला.

आत जुने पिस्टन असतील तर त्यांच्या माथ्यावर कोरलेला आकडा बघा, पण त्यावर भरवसा टाकू नका. ब्लॉकच्या तोंडात ठेवलेले पिस्टन त्याच ब्लॉकचे असतील असं नाही.

आता बोट आत घालून वरच्या पट्ट्याखाली फिरवा. पट्टा जिथे संपतो तिथे पायरी लागते. मेस्त्री म्हणतात 'स्टेप पडलीय'. नख नुसतं जाणवून पुढे सरकलं तर झीज बेताची. नख ठक्कन अडकलं तर ब्लॉक बोअरिंगलाच जाणार, हे तिथेच धरून चाला.

बॅटरी तिरकी धरा. सरळ उजेडात सगळे बोअर चकचकीत दिसतात, तिरक्या उजेडात उभे ओरखडे आणि गंजाचे खड्डे उठून दिसतात. खानापूर-जांबोटी पट्ट्यातून आलेला ब्लॉक असेल तर हे दोनदा करा. तिकडे जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणाच एवढा असतो की ताडपत्रीखाली ठेवलेल्या ब्लॉकलाही तेल न लावता सोडलं तर बोअरला गंज धरतो. गंजाचा लाल रंग डिझेलच्या कपड्याने निघतो, खड्डे निघत नाहीत. विकणारा आदल्या दिवशी ऑइल चोपडून ठेवतो ते उगीच नाही. तेल पूर्ण पुसा आणि मगच पाहा.

शेवटी इंजिन नंबर. तो घासलेला, वेल्ड केलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर बोअर आरशासारखा असला तरी ब्लॉक तिथेच ठेवा. नंबर स्वच्छ असेल तर विकणाऱ्याकडून पावती आणि ज्या गाडीचा ब्लॉक आहे तिच्या कागदाची झेरॉक्स घ्या. आरसीवर इंजिन नंबर असतो, त्यामुळे बदललेल्या इंजिनाची आरटीओत नोंद करावी लागते. कोल्हापूरकडच्या एमएच-०९ गाडीचा ब्लॉक बेळगावच्या केए-२२ किंवा चिकोडीच्या केए-२३ गाडीत बसवणार असाल तर हे कागद आधीच जमवा, नंतर विकणारा ओळख देत नाही.

थांबा: पूर्ण पैसे देऊ नका. इसारा द्या आणि 'बोअर मोजून मग बाकीचे, तडा निघाला तर परत' एवढं पावतीवर लिहून घ्या. रोजचं गिऱ्हाईक असलेला भंगारवाला याला नाही म्हणत नाही. नाहीच म्हणाला तर त्याला त्या ब्लॉकबद्दल तुमच्याहून जास्त माहिती आहे.

टप्पा २: धुणं, आणि मग एक रात्र थांबणं

घाणीसकट घेतलेलं माप हे घाणीचं माप असतं. ब्लॉक पूर्ण उघडा करा: बेअरिंग, प्लग, जुन्या गॅस्केटचे तुकडे, सगळं काढा. पाण्याच्या जॅकेटमधला गाळ तारेने मोकळा करा. कूलंट न घालता बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाड्यांत इथे क्षाराचा दगड झालेला असतो आणि त्याच सिलिंडरला जास्त तापून झीज झालेली सापडते. कुठल्या सिलिंडरकडे गाळ जास्त आहे ते लक्षात ठेवा, पुढे मापांशी ताडून पाहता येतं.

धुतल्यावर बोअर कोरडे करा आणि लगेच पातळ तेलाचा हात फिरवा. मोजायच्या वेळी ते पुसायचं.

इथे घाई नडते. गरम पाण्याने धुतलेला किंवा वैशाखातल्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तापलेला ब्लॉक लगेच मोजू नका. तापमानात २० अंशांचा फरक पडला तर ६८.५ मि.मी.चा बिडाचा बोअर साधारण दीड शतांश मिलिमीटरने वाढतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन त्याच्या जवळजवळ दुप्पट वाढतो. पिस्टन आणि बोअरमधल्या ज्या फटीसाठी आपण भांडतोय ती सगळी मिळून चार-पाच शतांशांची. म्हणून ब्लॉक, मायक्रोमीटर आणि गेज एकाच खोलीत सावलीला रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. पुढे पिस्टन आले की त्यांनाही हाच नियम.

टप्पा ३: तडे आणि डेक

ब्लॉक तडकलेला असेल तर बोअर मोजण्यात वेळ घालवायचं कारण नाही, म्हणून हे आधी.

संशयाची ठिकाणं ठरलेली असतात: दोन बोअरमधली अरुंद भिंत, हेड बोल्टच्या भोकांभोवती, पाण्याच्या वाटांच्या कडा आणि खाली मेन बेअरिंगच्या बैठकी. तिथे डिझेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, पृष्ठभाग खडखडीत कोरडा पुसा आणि खडूची भुकटी घासा. तडा असेल तर आत गेलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर बारीक ओली रेघ उमटते. हा उपाय वरवरच्या तड्यांपुरता. जॅकेटच्या आतला तडा हवा किंवा पाण्याच्या दाबाने तपासून घ्यावा लागतो. जुन्या गाडीचं हेड तापून उडालं होतं असं कळलं असेल तर तो खर्च टाळू नका.

डेकवर सरळ धारेची पोलादी पट्टी उभी ठेवा: दोन्ही लांब कडांना, दोन्ही टोकांना आणि दोन्ही तिरक्या कर्णांवर. खालून फिलर, म्हणजे फट मोजायचं पातळ पोलादी पान, घालून पाहा. लहान इंजिनांत ०.०५ चं पान कुठेही सरकत असेल तर डेक सर्फेसिंगला, म्हणजे मशिनवर सपाट करायला, द्यायचा, हा चालणारा नियम. शाळेची फूटपट्टी किंवा सुताराचा काटकोन यासाठी चालत नाही.

तपासा: हेड बोल्टच्या प्रत्येक भोकात बोल्ट हाताने शेवटपर्यंत जातो ना? आटे गेलेलं एक भोक बोअरिंगच्या खर्चावर पाणी फिरवतं.

टप्पा ४: गेज झिरो करणं

हवं ते एवढंच: ५० ते ७५ मि.मी.चा बाहेरचा मायक्रोमीटर, ०.०१ मि.मी. वाचणारा डायल बोअर गेज, फिलरचा जुडगा, वही. स्वतःकडे नसेल तर मोजमापापुरता ब्लॉक मशिन शॉपमध्ये न्या, पण माप घेताना शेजारी उभे राहा आणि आकडे स्वतः लिहा.

व्हर्निअरने बोअरची झीज मोजू नका. त्याचे आतले जबडे गोल भिंतीवर नीट बसत नाहीत, आत खोलवर जात नाहीत, आणि ज्या फरकावर निर्णय अवलंबून आहे तो त्याच्या चुकीतच बुडून जातो.

मायक्रोमीटर सोबतच्या स्टँडर्ड दांड्यावर तपासा, मग ६८.५० वर लॉक करा. कपडा गुंडाळून अलगद व्हाइसमध्ये धरा. बोअर गेजचं टोक त्याच्या दोन तोंडांमध्ये घालून थोडं इकडेतिकडे डोलवा. काटा एका दिशेने जातो, थांबतो आणि परत फिरतो. जिथून परत फिरतो ती जागा म्हणजे खरं माप. डायलची तबकडी फिरवून शून्य तिथे आणा. पुन्हा डोलवा. काटा तीन वेळा शून्यावरूनच वळला तर गेज तयार.

इथे नवशिक्या हमखास उलटं वाचतो. बोअर मोठा असेल तर गेजचं टोक कमी दाबलं जातं, म्हणजे काटा शून्यापर्यंत पोचायच्या आधीच वळतो. शून्याच्या अलीकडे अकरा घरं राहिली तर बोअर ०.११ ने मोठा, ६८.६१. शून्य ओलांडून गेला तर बोअर लहान. घासलेला बोअर स्टँडर्डपेक्षा लहान येत असेल तर बोअर बदललेला नाही, तुम्ही वाचताय उलटं.

टप्पा ५: प्रत्येक सिलिंडरला सहा मापं

मेन बेअरिंगच्या कॅप जागेवर बसवून मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. त्या सैल असताना खालचा भाग थोडा मोकळा राहतो आणि माप फसवं येतं.

मोजायच्या पातळ्या तीन: वर, म्हणजे पायरीच्या लगेच खाली, डेकपासून साधारण १० मि.मी. आत, मध्यावर, आणि खाली, पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे रिंगांखालचा भाग, जिथवर उतरतो तिथे. प्रत्येक पातळीवर दिशा दोन: क्रँकला आडवी आणि क्रँकच्या लांबीची. तीन सिलिंडर म्हणजे अठरा आकडे. सगळे लिहा. डोक्यात ठेवायचे नाहीत आणि 'बाकीचे असेच असतील' म्हणायचंही नाही.

आडव्या दिशेचं वरचं माप सगळ्यात मोठं यायला हवं. पॉवर स्ट्रोकला कनेक्टिंग रॉड तिरका असतो, पिस्टन आडव्या भिंतीवर रेटला जातो आणि वरच्या टोकाला दाब व उष्णता सर्वांत जास्त, तेल सर्वांत कमी. आकडे याच्या उलट आले, म्हणजे खालचा वरच्यापेक्षा मोठा निघाला, तर आधी गेज पुन्हा झिरो करा. तरीही तसंच असेल तर आधीच्या कुणीतरी हातातल्या होनने, म्हणजे भिंत घासायच्या दगडांच्या हत्याराने, खाली बोअर उघडला आहे.

वहीतला एक सिलिंडर असा दिसतो:

वर: आडवं ६८.६१, लांबीचं ६८.५६
मध्ये: आडवं ६८.५७, लांबीचं ६८.५५
खाली: आडवं ६८.५३, लांबीचं ६८.५२

आडव्या दिशेत वरून खाली फरक ०.०८, हा टेपर. वरच्या पातळीवर दोन दिशांतला फरक ०.०५, ही ओव्हॅलिटी. स्टँडर्डपेक्षा सर्वांत जास्त झीज ०.११.

बोअर गेज नसेल तर रिंगेची चाचणी

गाव आडवळणी असेल आणि जवळ फक्त फिलर असेल तर टेपर तेवढा कळण्यापुरती ही युक्ती पक्की आहे. एक जुनी, न तुटलेली वरची रिंग घ्या. बोअरमध्ये ठेवा आणि उलटा पिस्टन हलकेच दाबून ती खाली सरळ न्या, म्हणजे ती कुठेही तिरकी राहणार नाही. खालच्या न घासलेल्या भागात रिंगेच्या दोन टोकांमधली फट फिलरने मोजा. मग तीच रिंग पायरीच्या खाली आणून पुन्हा मोजा.

समजा खाली फट ०.३५ आली आणि वर ०.६०. फरक ०.२५. याला ३.१४ ने भागलं की ०.०८, हा त्या बोअरचा टेपर. रिंगेची फट परिघाच्या हिशेबाने उघडते, म्हणून व्यासातला फरक काढायला भागावं लागतं. अनेक जण हा भागाकार विसरतात, ०.२५ लाच झीज समजतात आणि चांगला ब्लॉक टाकून देतात.

या चाचणीतून ओव्हॅलिटी कळत नाही आणि बोअरचं प्रत्यक्ष मापही कळत नाही. त्यामुळे 'घ्यायचा की नाही' हे ठरवायला ती पुरे, पिस्टनची साइज ठरवायला नाही.

टप्पा ६: आकड्यांवरून साइज ठरवणं

खरी फसगत इथे होते.

पहिला मोह: टेपर ०.०८ आहे, मर्यादेत बसतोय, तर नवे स्टँडर्ड पिस्टन टाकून मोकळं व्हावं. गॅरेजात हेच ऐकायला मिळतं, "काय हुत नाही ओ, रिंगा बदला, गाडी पळतीय बघा." पळते, पण किती दिवस? समजा नवा स्टँडर्ड पिस्टन स्कर्टवर ६८.४६ भरतो. खाली फट ०.०७ आणि वर ०.१५. मॅन्युअलला हवी असते चार शतांशांच्या आसपासची. सकाळी गाडी चालू केली की पिस्टन डुगडुगल्याचा आवाज येणार. शिवाय नव्या रिंगेला प्रत्येक स्ट्रोकला वर उघडायचं आणि खाली मिटायचं, त्यामुळे ती भिंतीला कधी नीट बसत नाही. चोर्ला घाटात भरलेली ओम्नी दुसऱ्या गिअरला चढवली की मागच्या गाडीला निळा धूर दिसतो, आणि मग दोष पिस्टन कंपनीला दिला जातो.

दुसरा मोह जास्त फसवा. झीज ०.११ आहे, ओव्हरसाइज ०.२५ आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त धातू शिल्लक, पंचवीसमध्ये आरामात बसेल! पण तसं होत नाही.

बोअर गेज व्यास सांगतो, झीज कुठल्या बाजूला झाली ते सांगत नाही. झीज बहुतांशी एकाच भिंतीवर असू शकते. सगळी ०.११ एका बाजूला आहे असं धरा. बोअरिंगवाला मशिन खालच्या न घासलेल्या भागावर मध्य धरून लावतो, म्हणजे जुना मध्य तसाच राहतो. त्या मध्यापासून घासलेल्या भिंतीपर्यंत हत्यार पोचायचं तर त्रिज्या ०.११ ने वाढायला हवी, म्हणजेच व्यास ०.२२ ने. शिवाय बोअरिंगनंतर होनिंगसाठी चार-पाच शतांश शिल्लक ठेवायचे असतात. पंचवीसमध्ये अंतिम बोअर ६८.७५ धरला तर हत्यार ६८.७० किंवा ६८.७१ ला थांबणार, आणि साफ व्हायला हवंय ६८.७२. घासलेल्या बाजूला चकचकीत पट्टा तसाच राहील. म्हणून या ब्लॉकला पन्नास.

हिशेब लक्षात ठेवायचा तो असा: सर्वांत जास्त झीज दुप्पट करा, त्यात होनिंगचे ०.०५ मिळवा. उत्तर ओव्हरसाइजपेक्षा कमी असेल तरच ती साइज. ०.११ दुप्पट ०.२२, अधिक ०.०५, झाले ०.२७. पंचवीसच्या बाहेर.

झीज दोन्ही बाजूंना सारखी विभागलेली असेल तर हाच बोअर पंचवीसमध्ये साफ निघूही शकतो. अनुभवी ऑपरेटर मशिनवर डायल लावून ते सांगू शकतो. त्याने तसं मोजून सांगितलं तर ऐका. न मोजता सांगितलं तर पन्नासच धरा.

खोल ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर त्याची खोली याच हिशेबात धरा. ०.१० खोल खड्ड्याला व्यासात ०.२० जातात.

थांबा: तीनपैकी दोन सिलिंडर पंचवीसमध्ये आणि एक पन्नासमध्ये बसतोय, तर तिन्ही पन्नास. वेगवेगळ्या वजनाचे पिस्टन एका क्रँकवर घालू नका. एकच सिलिंडर कामातून गेला असेल आणि बाकीचे चांगले असतील तर त्याला स्लीव्ह घालून तिन्ही एका साइजला आणता येतात.

टप्पा ७: पिस्टन विकत घेताना

साइज सांगताना नुसतं 'वीसचा द्या' म्हणू नका. जुने लोक इंचाच्या हजारांशात बोलतात, त्यांचा वीस म्हणजे ०.५०८ मि.मी.; तुमचा पन्नास म्हणजे ०.५०. फरक ०.००८ चा दिसतो, पण चार शतांशांच्या फटीत तो पाचवा हिस्सा आहे. मिलिमीटरमध्येच बोला आणि पाकिटावरचा आकडा वाचा.

तिन्ही पिस्टन एकाच सेटमधले घ्या. रिंगा त्याच ओव्हरसाइजच्या आहेत हे दुकानातच पाहा. पन्नासच्या पिस्टनवर पंचवीसच्या रिंगा बसतातसुद्धा, म्हणून हे नंतर लक्षात येत नाही. बोअरमध्ये मात्र त्यांची फट एक मिलिमीटरच्या आसपास निघते.

घरी आल्यावर प्रत्येक पिस्टन मोजा. माप स्कर्टवर घ्यायचं, पिनच्या काटकोनात, मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवर. माथ्यावर मोजू नका. पिस्टन वर निमुळता आणि थोडा लंबगोल केलेला असतो, माथा नेहमी लहानच भरतो. तिन्ही आकडे पिस्टनच्या माथ्यावर मार्करने लिहा आणि १, २, ३ नंबर टाका.

टप्पा ८: बोअरिंगला देताना

ब्लॉक, तिन्ही पिस्टन, मेन बेअरिंगच्या कॅप आणि त्यांचे बोल्ट एकत्र न्या. मशिन शॉपला चिठ्ठी द्या: कोणत्या सिलिंडरला कोणता पिस्टन, त्याचं माप आणि हवी ती फट. पिस्टन ६८.९६ भरला आणि मॅन्युअलला ०.०४ हवी, तर अंतिम बोअर ६९.००. दुसरा ६८.९५ भरला तर त्याचा बोअर ६८.९९. 'पन्नासला करा' एवढ्यावर सोडलं तर सगळे एकाच आकड्याला होतात.

डेक सर्फेसिंग करायचं असेल तर ते बोअरिंगच्या आधी करून घ्या. बरीच मशिनं डेकवरच बसवून बोअरिंग करतात, तो वाकडा असेल तर बोअरही वाकडा उतरतो.

होनिंगचे तिरके छेदणारे ओरखडे बोअरभर सारखे दिसले पाहिजेत. ते तेल धरतात आणि रिंग त्यांच्यावरच बसते. घरी आणून पॉलिश पेपरने बोअर 'गुळगुळीत' करणारे अजून भेटतात. त्यांनी होनिंगचे पैसे पाण्यात घातले.

ब्लॉक ताब्यात घ्यायच्या आधी तिथल्याच गेजने तुमच्यासमोर वर, मध्ये, खाली मापं घ्यायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे आणि चांगला ऑपरेटर स्वतःहून करून दाखवतो.

टप्पा ९: पुन्हा धुणं आणि रिंगेची फट

होनिंगच्या दगडाची बारीक पूड ओरखड्यांत अडकून राहते. पेट्रोल किंवा डिझेलने ती निघत नाही, नुसती इकडची तिकडे होते. गरम पाणी, धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश, हाच उपाय. मग पांढरं फडकं तेलात बुडवून बोअरमध्ये फिरवा. फडकं करडं निघालं तर परत धुवा. पांढरं निघेपर्यंत.

धुऊन झालं की वाऱ्याने किंवा फडक्याने लगेच कोरडं करून तेल लावा. पावसाळ्यात चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत ताज्या बोअरवर तांबूस छटा आलेली असते.

जोडणीच्या आधी प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये, पिस्टनने सरळ दाबून, फिलरने तपासा. फट मॅन्युअलपेक्षा कमी असेल तर बारीक कानशीने एकाच टोकाला, बाहेरून आत अशा दिशेने घासा आणि पुन्हा मोजा. जास्त असेल तर त्या रिंगा दुकानात परत न्या, पिस्टनवर चढवायच्या आधी.